नोंदवहीत नसलेला माणूस

गेल्या वर्षी मे-जूनमध्ये सहा आठवडे मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पुतण्याकडे राहून आलो. पुतण्या आणि सूनबाई तेव्हा घर विकत घेण्याच्या धावपळीत होते. सेंट क्लाउड या शहराच्या आसपासची लहान लहान गावे, मक्याची शेते, गाईंचे गोठे, मधूनच एखादे तळे आणि गावागावांत चर्चचा उंच मनोरा. त्या मुलखात दर शनिवारी आम्ही घरे बघत हिंडायचो. एका रात्री जेवणे आटोपल्यावर सूनबाई लॅपटॉप घेऊन बसली. मी विचारले, "शाळा बघतेस का?" ती म्हणाली, "शाळा झाली बघून, काका. आता हे." आणि तिने पडदा माझ्याकडे वळवला.

ते राज्याच्या तुरुंग खात्याचे पान होते. काउंटी निवडायची आणि बटण दाबायचे, एवढेच काम. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, पण ग्रामीण भागात माणसे पुष्कळदा एखाद्या तालुक्याएवढीच. तिने स्टर्न्स काउंटी निवडली आणि पडद्यावर चेहरे आले. एकेका चेहऱ्यावर टिचकी मारली की नाव, उंची, वजन, केसांचा रंग, गुन्ह्याचे चार ओळींत वर्णन. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा भोगून बाहेर आलेल्या, आणि राज्याने सर्वांत धोकादायक ठरवलेल्या माणसांची ती यादी होती. माझ्या अपेक्षेपेक्षा चेहरे कमी होते आणि फारच साधे होते. त्यातला एखादा दिवसा दुकानात भेटला असता तर मी त्याला रस्ता विचारला असता. आतल्या खोलीत सहा वर्षांची नात झोपली होती.

घराच्या खरेदीच्या करारातही याबद्दल एक छापील मजकूर असतो, तो पुतण्याने मला दाखवला. या परिसरात नोंदलेले गुन्हेगार राहतात का, हे पोलिसांकडे किंवा तुरुंग खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येईल, अशी खरेदीदाराला सूचना. आपल्याकडे सात-बारा आणि बोजा पाहतात, तिथे हेही पाहतात. मिनेसोटाच्या कायद्यात या माणसांसाठी वापरलेला शब्द आहे 'प्रिडेटरी', म्हणजे भक्ष्याच्या शोधात फिरणारे जनावर ज्याला म्हणतात तो. कायद्याच्या पुस्तकात शिकारी जनावराचा शब्द यावा, याचे मला नवल वाटले.

माझा इतिहासाशी संबंध पदवीचा नाही. वीज मंडळाच्या कचेरीत बिलांचे काम करता करता सोलापूरच्या 'सेटलमेंट'च्या जुन्या कागदांचा नाद लागला, तो गेली वीस वर्षे सुटलेला नाही. १८७१ च्या आणि पुढे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांची नावे नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायला लावायची, गाव सोडायचे तर परवाना. १९५२ साली तो कायदा गेला. त्यामुळे नोंदवही दिसली की माझे डोळे आपोआप रकान्यांकडे जातात: कुणाचे नाव आत आले, कुणी लिहिले, कशावरून लिहिले, आणि कुणाचे नाव आलेच नाही. इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सोलापूरच्या वहीत माणूस जन्माने जायचा, अमेरिकेच्या वहीत तो न्यायालयाच्या निकालाने जातो. हा फरक लहान नाही आणि दोन्ही वह्यांना एका मापाने मोजण्याचा माझा मुळीच विचार नाही. पण रकाने वाचायची सवय तीच.

अमेरिकेत ही वही आधी फक्त पोलिसांची होती. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये टोळीवाल्या गुन्हेगारांचा सुळसुळाट झाला तेव्हा शिक्षा झालेल्या प्रत्येकाने शहरात आल्यावर पोलिसांत नाव नोंदवावे असे नियम निघाले. हेतू असा, की गुन्हेगारांना शहर नकोसे व्हावे. याच प्रकारच्या नियमाखाली लॅम्बर्ट नावाच्या एका स्त्रीला शिक्षा झाली. गुन्हा तिचा खोट्या सहीचा होता आणि नाव नोंदवायचे असते हे तिला ठाऊकच नव्हते. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची शिक्षा रद्द केली. दरम्यान १९४७ साली कॅलिफोर्नियाने लैंगिक गुन्हेगारांसाठी राज्यभराची पहिली नोंदवही सुरू केली. त्या वहीत बलात्कारी होते आणि परस्पर संमतीने संबंध ठेवणारे समलिंगी पुरुषही होते, कारण तोही तेव्हा गुन्हा होता. वही कुणाला आत घेते हे त्या काळचा कायदा कुणाला गुन्हेगार म्हणतो त्यावर अवलंबून असते, हे उघडच आहे. पण पुढे वहीची पाने लोकांसमोर उघडली गेली तेव्हा ही गोष्ट फारशी कुणी आठवली नाही.

आता या हकिगतीचे मूळ जिथे आहे तिथे येतो. ते याच स्टर्न्स काउंटीत आहे. सूनबाईने बटण दाबले तेव्हा तिला हे माहीत नव्हते, मलाही नव्हते.

२२ ऑक्टोबर १९८९, रविवार. सेंट जोसेफ हे सेंट क्लाउडच्या पश्चिमेचे लहानसे गाव. रात्री नवाच्या सुमारास तीन मुले दुकानातून सिनेमाची कॅसेट भाड्याने घेऊन सायकली आणि स्कूटरवरून घरी परतत होती. अकरा वर्षांचा जेकब वेटरलिंग, त्याचा धाकटा भाऊ आणि एक मित्र. अंधाऱ्या रस्त्यावर तोंडाला मुखवटा लावलेला, हातात पिस्तूल घेतलेला माणूस आडवा आला. त्याने मुलांना चरात पालथे झोपवले, वये विचारली, दोघांना मागे न बघता झाडीकडे पळायला सांगितले. पळता पळता त्यांनी वळून पाहिले तेव्हा तो माणूसही नव्हता आणि जेकबही नव्हता.

शोध प्रचंड झाला. त्या भागात लोक दाराबाहेरचे दिवे रात्रभर जळते ठेवू लागले. मुलाला घर सापडावे म्हणून. जेकबची आई पॅटी वेटरलिंग हिला तपास करणाऱ्यांकडून एक गोष्ट कळली. अशा गुन्ह्यांत पूर्वी सापडलेली माणसे या भागात कोण कोण आहेत, याची तयार यादी पोलिसांकडे नव्हती. पहिले मोलाचे तास त्यात जातात. तिने ही मागणी धरून लावली. १९९१ मध्ये मिनेसोटाने नोंदणीचा कायदा केला. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला, त्याला जेकबचेच नाव दिले गेले. प्रत्येक राज्याने अशी वही ठेवावी, नाही तर पोलीस कामासाठीच्या केंद्रीय अनुदानातला दहा टक्के हिस्सा जाईल. आपल्याला हा मार्ग परिचयाचा आहे. केंद्र हुकूम देत नाही, पैसा अडवते.

या पहिल्या कायद्यात वही मुख्यतः पोलिसांसाठीच होती. लोकांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास पोलीस त्यातली माहिती बाहेर 'देऊ शकतील', अशी मुभा होती. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यू जर्सीत सात वर्षांच्या मेगन कांका या मुलीचा खून झाला. खुनी समोरच्या घरात राहणारा. त्याला अशाच गुन्ह्यांत आधी दोनदा शिक्षा झालेली होती आणि मेगनच्या आईवडिलांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्हाला कळले असते तर आमची मुलगी आज असती. या वाक्याला उत्तर देणे कुणालाही कठीण आहे. न्यू जर्सीने तीन महिन्यांत कायदा केला आणि मे १९९६ मध्ये केंद्रीय कायद्यातला एक शब्द बदलला. 'देऊ शकतील' होते तिथे 'दिलीच पाहिजे' झाले. पोलिसांच्या कपाटातली वही रस्त्यावर आली ती या एका क्रियापदाने. पुढे इंटरनेट घरोघर पोचले आणि रस्त्यावरची वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर आली. आज त्या देशात साडेसात लाखांहून अधिक माणसांची नावे अशा वह्यांत आहेत.

मिनेसोटाने त्यातल्या त्यात हात आखडता ठेवला. तिथे तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीची माहिती पोलीस आणि पीडितांपुरती, दुसरीची शाळा-पाळणाघरांसारख्या संस्थांना, आणि फक्त तिसरीची सगळ्यांना. सूनबाईच्या पडद्यावर चेहरे कमी का, याचे उत्तर हे. पुष्कळ राज्यांत अशी चाळण नाही. तिथे सरसकट नावे दिसतात आणि शेजारी कोण राहतो यापेक्षा आपण कोणत्या राज्यात राहतो यावर पडद्यावरची गर्दी ठरते. उलट मिनेसोटाच्या पोलिसांकडच्या मूळ वहीत आणखी एक मेख आहे. आरोप लैंगिक गुन्ह्याचा ठेवला गेला, पण शिक्षा त्याच घटनेतल्या दुसऱ्याच गुन्ह्याची झाली, तरी नाव नोंदवावे लागते.

आणि जेकबचे काय झाले? जवळजवळ सत्तावीस वर्षे काहीच कळले नाही. या काळात काउंटीच्या शेरीफने जवळच राहणाऱ्या एका माणसाला संशयाच्या गोलात उभे केले, २०१० मध्ये त्याच्या घरची जमीन खणून काढली. त्यात काही सापडले नाही. पण कुठल्याही वहीत नसलेले त्याचे नाव गावाच्या तोंडी राहिले ते राहिलेच. याच काउंटीतल्या सॉक सेंटर गावी सिंक्लेअर लुईस जन्मला. नोबेल मिळवणारा तो पहिला अमेरिकन लेखक, आणि छोट्या गावाच्या खिडक्यांमागचे डोळे त्याने 'मेन स्ट्रीट'मध्ये १९२० सालीच दाखवून ठेवले होते. अशा गावाला नोंदवही छापून देण्याची गरज नसते. गाव स्वतःची वही स्वतःच ठेवते, आणि ती खोडता येत नाही.

१ सप्टेंबर २०१६ रोजी पेन्सव्हिल गावाजवळच्या एका कुरणात जेकबचे अवशेष सापडले. जागा दाखवली ती डॅनी हाइनरिक या माणसाने. तो पेन्सव्हिलचाच, सेंट जोसेफपासून पंचवीसेक मैलांवरचा. पाच दिवसांनी त्याने न्यायालयात सगळे सांगितले. त्याच जानेवारीत, म्हणजे जेकबच्या आधी नऊ महिने, कोल्ड स्प्रिंग गावातल्या बारा वर्षांच्या एका मुलालाही त्यानेच गाडीत घालून नेले होते. त्या मुलाला सोडून दिले म्हणून तो वाचला. हाइनरिक पोलिसांना अनोळखी नव्हता. १९९० च्या सुरुवातीला त्याची चौकशी झाली होती, बूट आणि गाडीचे टायर तपासले होते, अटकही करून सोडून दिले होते. पण लैंगिक गुन्ह्यात शिक्षा अशी त्याला कधी झालीच नव्हती. म्हणजे जेकबच्या नावाचा कायदा १९८९ मध्ये अस्तित्वात असता, त्यातली वही सगळ्या जगासमोर उघडी असती, सेंट जोसेफच्या प्रत्येक आईने ती रोज रात्री वाचली असती, तरी त्या वहीत हा माणूस नव्हता. पुढची पंचवीस वर्षेही नव्हता. देशभर लाखो नावे जेकबच्या नावाने भरली गेली आणि हे एक नाव रिकामे राहिले.

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरे सांगतो.

नंतर मी त्याच काउंटीतली दुसरी एक यादी पाहिली. सेंट जोसेफपासून काही मैलांवर कॉलेजव्हिल इथे सेंट जॉन्स हा बेनेडिक्टाइन पंथाचा मोठा मठ आहे. डिसेंबर २०१३ मध्ये एका दाव्याच्या तडजोडीचा भाग म्हणून मठाने अठरा साधूंची नावे स्वतःच जाहीर केली. अल्पवयीनांचे लैंगिक शोषण त्यांच्या हातून झाले असण्याची दाट शक्यता मठानेच मान्य केलेली. यांतल्या बहुतेकांवर कधी फौजदारी खटला उभा राहिला नव्हता, त्यामुळे सरकारी वहीत त्यांना जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पालकांनी ज्यांच्या हाती मुले विश्वासाने सोपवली ती ही माणसे. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या २००० सालच्या एका अहवालात पोलिसांपर्यंत पोचलेल्या प्रकरणांची छाननी आहे. अल्पवयीन पीडितांपैकी सुमारे ९३ टक्के मुलांना गुन्हेगार आधीपासून ठाऊक होता. ३४ टक्के प्रकरणांत तो घरातलाच. अनोळखी फक्त ७ टक्के. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे साधारण हेच सांगतात. नोंदवहीचे पान मात्र त्या सात टक्क्यांकडे बोट दाखवते.

मग ही वही एवढ्या खात्रीने का उघडली गेली? इथे मला एका आकड्याची गोष्ट सांगायची आहे, कारण अशा गोष्टींसाठीच मी जुने कागद चाळतो. २००३ मध्ये अलास्काच्या नोंदवहीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने ती वैध ठरवली. वही ही शिक्षा नव्हे, असे बहुमताचे म्हणणे. संकेतस्थळ पाहणे म्हणजे सरकारी दप्तरखान्यात जाऊन जुनी नोंद पाहण्यासारखे आहे. दप्तरखान्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला ही तुलना गमतीची वाटते. दप्तरखान्यात जायला रजा टाकावी लागते, अर्ज करावा लागतो, कारकुनाची मर्जी सांभाळावी लागते. तिथे शेजाऱ्याचा चेहरा आपल्या हातातल्या फोनवर येत नाही. पण ते असो. या निकालामागे एक समजूत होती, की असे गुन्हेगार पुन्हा तोच गुन्हा करण्याचे प्रमाण भयंकर मोठे आहे. आदल्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात आकडाही आला होता: उपचार न घेतलेल्यांत ८० टक्क्यांपर्यंत.

आयरा एलमन आणि तारा एलमन या अभ्यासकांनी २०१५ मध्ये त्या ८० टक्क्यांचा माग काढला. न्यायालयाने तो घेतला सरकारी वकिलांच्या निवेदनातून. त्यांनी घेतला न्याय खात्याच्या १९८८ च्या एका पुस्तिकेतून. पुस्तिकेने घेतला १९८६ साली मानसशास्त्रावरच्या एका लोकप्रिय मासिकात आलेल्या लेखातून. तो लेख ओरेगनच्या तुरुंगात उपचार देणाऱ्यांनी लिहिलेला, आणि त्यात त्या वाक्याला कसलाही आधार दिलेला नव्हता. पाहणी नाही, तक्ता नाही. आपल्या उपचाराचे महत्त्व सांगताना सहज लिहिलेले एक वाक्य सोळा वर्षांत देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन बसले आणि पुढे अनेक निकालांत ते आधार म्हणून दिले गेले. न्याय खात्याच्याच २००३ च्या मोजणीत, १५ राज्यांतून १९९४ मध्ये सुटलेल्या ९,६९१ पुरुषांपैकी तीन वर्षांत लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक झालेले ५.३ टक्के होते. या आकड्यालाही मर्यादा आहेत. तीन वर्षे थोडी, आणि न उघडकीस आलेले गुन्हे अटकेच्या मोजणीत येत नाहीत. तरीही ऐंशी आणि पाच यांच्यामधली दरी न नोंदलेल्या गुन्ह्यांच्या नावावर भरून काढता येईल असे मला वाटत नाही.

वहीत नाव असणाऱ्याचे ग्रामीण भागात काय होते, हेही थोडे सांगतो. मिनेसोटाच्या दक्षिणेला आयोवा राज्य. त्याने २००२ मध्ये नियम केला, की लहान मुलाविरुद्ध गुन्हा केलेल्याने शाळा किंवा पाळणाघरापासून दोन हजार फुटांच्या आत राहायचे नाही. कागदावर हे शहाणपणाचे दिसते. पण छोट्या गावात मधोमध शाळा असते आणि दोन हजार फुटांचे वर्तुळ काढले की गाव संपते. माणसे शेतावरच्या पडक्या घरात, मोटेलात, गाडीत राहू लागली, किंवा खोटा पत्ता देऊन नाहीशी झाली. पोलिसांना माणूस कुठे आहे ते कळावे म्हणून वही, आणि तो कुठे आहे हे कळू नये अशी व्यवस्था त्याच वहीच्या आधाराने. २००६ मध्ये त्या राज्यातल्या सरकारी वकिलांच्याच संघटनेने या नियमाने मुलांचे रक्षण होत नाही असे निवेदन काढले. गुन्हेगारांना तुरुंगात धाडणे ज्यांचे काम, त्यांनी हे म्हणावे. २००९ मध्ये आयोवाने नियम बराच सैल केला.

त्याच २००६ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, मेन राज्यातल्या दोन लहान गावांत एका तरुणाने दोन माणसांना त्यांच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. पत्ते त्याने राज्याच्या नोंदवहीतून काढले होते. आणखीही अनेक नावे त्याने पाहून ठेवली होती. मेलेल्यांपैकी एक चोवीस वर्षांचा होता. त्याचा गुन्हा काय, तर आपल्या मैत्रिणीशी संबंध, तिला सोळा पूर्ण व्हायच्या थोडे आधी. वहीच्या रकान्यात हे लिहायला जागा नव्हती. संकेतस्थळ काही काळ बंद ठेवले, मग पुन्हा सुरू झाले.

आणि वहीत नाव असूनही काय झाले याचे उदाहरणही मिनेसोटाच्याच सीमेवरचे आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या एका मॉलच्या वाहनतळावरून ड्रू शोडिन या विद्यार्थिनीला पळवून नेऊन तिचा खून केला गेला. खुनी काही महिन्यांपूर्वीच शिक्षा पूर्ण करून सुटलेला, मिनेसोटात तिसऱ्या श्रेणीत नोंदलेला. त्याचे गाव ग्रँड फोर्क्सपासून फार लांब नव्हते, पण राज्य दुसरे. सगळ्या राज्यांच्या वह्या एकत्र शोधता येणारे केंद्रीय संकेतस्थळ आज आहे, त्याला तिचेच नाव आहे. मेलेल्या मुलांची नावे कायद्यांना देण्याची ही रीत मला आधी हृद्य वाटली होती. आता वाटते, की त्या नावामुळे कायद्याविरुद्ध बोलणे म्हणजे त्या मुलाविरुद्ध बोलणे होऊन बसते.

एकच व्यक्ती हे बिनदिक्कत बोलू शकत होती, आणि ती बोलली. पॅटी वेटरलिंगने २००७ मध्येच वृत्तपत्रात लिहिले, की हे कायदे भलतीकडे वाढले आहेत. अल्पवयीन मुलांनाही आयुष्यभर वहीत टाकणे, सुटलेल्याला घर आणि काम मिळू न देणे याने मुले सुरक्षित होत नाहीत. तेव्हा तिचा मुलगा सापडलेला नव्हता. कुणी नेला हेही माहीत नव्हते.

हे सगळे मी सूनबाईला सांगितले, एकदम नव्हे, रोज थोडे थोडे. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "काका, म्हणजे बघायचंच नाही का? मेगनच्या आईला तुम्ही हेच सांगाल?" मी गप्प बसलो. मेगनच्या आईला मी हे सांगू शकत नाही. पोलिसांकडे यादी असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या अर्थशास्त्रज्ञांचा २०११ चा अभ्यासही तेच म्हणतो: पोलिसांकडची नोंदणी ओळखीतल्या लोकांवरचे गुन्हे कमी करताना दिसते, पण नाव चव्हाट्यावर मांडल्याने नोंदलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचा संभव उलट वाढतो, कारण गमावण्यासारखे त्याच्याजवळ काही उरत नाही. मी तिला एवढेच म्हणालो, की बघ, पण चेहरे दिसले नाहीत त्या गावात निर्धास्त राहू नकोस. ती म्हणाली, "निर्धास्त कोण आई राहते?"

आपल्या देशातही अशी वही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी लैंगिक गुन्हेगारांच्या राष्ट्रीय माहितीकोशाचे उद्घाटन केले. तेव्हा त्यात ४ लाख ४० हजारांच्या आसपास नोंदी होत्या. तो फक्त तपास यंत्रणांना पाहता येतो, लोकांना नाही. तो उघडा करा अशी मागणी एखादे भीषण प्रकरण घडले की आपल्याकडे उठते. योगायोग असा, की त्याच दिवशी, २० सप्टेंबर २०१८ लाच, स्टर्न्स काउंटीच्या नव्या शेरीफने जेकबच्या तपासाची ४१ हजारांहून अधिक पाने लोकांसाठी खुली केली आणि आपल्याच कचेरीचा तपास कुठे कुठे भरकटला ते पत्रकारांसमोर वाचून दाखवले. एका ठिकाणी गुन्हेगारांची वही सुरू झाली, दुसऱ्या ठिकाणी पोलिसांची उघडली गेली. दुसऱ्या प्रकारच्या वहीची मागणी आपल्याकडे कुणी केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

त्या पानांत काय होते? पेन्सव्हिलमध्ये १९८६ ते १९८८ या काळात निदान आठ मुलांवर अंधारात कुणीतरी झडप घातली होती. दोन हजार वस्तीचे गाव. तो धागा आणि कोल्ड स्प्रिंगचा धागा जेकबच्या धाग्याशी वेळेवर जोडला गेला नाही. तो जोडण्याच्या कामाला नेट दिला जॉय बेकर नावाच्या एका बाईने. ती पोलीस नव्हती, कुठल्या विद्यापीठाची संशोधकही नव्हती. तिने २०१० पासून या प्रकरणावर लिहायला घेतले, जुनी स्थानिक वृत्तपत्रे चाळली, आणि पेन्सव्हिलच्या साप्ताहिकातली मे १९८७ ची मुलांवरच्या हल्ल्यांची बातमी तिच्या हाती लागली. कोल्ड स्प्रिंगचा तो वाचलेला मुलगा आता मोठा झाला होता. दोघांनी मिळून पेन्सव्हिलच्या त्या मुलांचा, म्हणजे आता चाळिशीकडे आलेल्या माणसांचा, शोध घेतला. २०१५ मध्ये कोल्ड स्प्रिंगच्या मुलाच्या त्या रात्रीच्या कपड्यांवरचा डीएनए हाइनरिकशी जुळला. त्या गुन्ह्याची मुदत कायद्याने केव्हाच संपली होती. पण त्या आधारावर घराची झडती घेता आली, झडतीत मुलांची अश्लील चित्रे सापडली, आणि त्या खटल्यातल्या तडजोडीत त्याने कुरणातली जागा दाखवली. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, ती चित्रांसाठी. जेकबच्या खुनाचा खटला तडजोडीप्रमाणे कधी चाललाच नाही.

परत येण्याच्या आदल्या आठवड्यात मी पुतण्याला म्हणालो, मला सेंट पॉलला सोड. तिथे मिनेसोटा ऐतिहासिक संस्थेचे ग्रंथालय आहे. राज्यातली लहानमोठी वृत्तपत्रे सूक्ष्मपटावर जपून ठेवलेली. ओळखपत्र दाखवले, एक अर्ज भरला, रीळ मिळाले. यंत्र कसे फिरवायचे ते तिथल्या मुलीने दाखवले, तसे मला ते येत होते. १९८७ चा मे महिना यायला वेळ लागला. मध्ये दुधाचे भाव होते, शाळेचे सामने होते, चर्चमधल्या जेवणाच्या जाहिराती होत्या. मग ती बातमी आली. मी ती तीनदा वाचली आणि रीळ परत दिले.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा सूनबाई अंगणात नातीच्या सायकलची सीट धरून मागे मागे पळत होती. मला पाहून थांबली. "सापडलं का, काका?"

"सापडलं," मी म्हणालो. "छापलेलंच होतं."